‘इतर’मध्ये टाकलेला देश

देशातल्या ऐंशी टक्के जनतेला एकत्र निवडणुका हव्या आहेत, असं हल्ली इतक्या सहज बोललं जातं की जणू आपण सगळ्यांनी कधीतरी एका मैदानात जमून हात वर केले होते. मी केला नव्हता. माझ्या ओळखीतल्या कुणी केल्याचंही ऐकिवात नाही. तरी आकडा खोटा नाही. माजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या या विषयावरच्या उच्चस्तरीय समितीने ५ जानेवारी २०२४ रोजी जनतेकडून सूचना मागवल्या आणि १५ जानेवारी ही शेवटची तारीख दिली. त्या वर्षीची संक्रांत नेमकी त्याच दिवशी होती. तिळगूळ बाजूला ठेवून ज्यांनी आपलं म्हणणं कळवलं असे २१,५५८ प्रतिसाद आले आणि त्यांतले ८० टक्के बाजूने होते. मार्चमध्ये अठरा हजारांहून अधिक पानांचा अहवाल राष्ट्रपतींना सादर झाला. त्या वर्षी देशात मतदार होते सुमारे ९७ कोटी. म्हणजे दर पंचेचाळीस हजार मतदारांमागे एकाने उत्तर दिलं.

हा पंचेचाळीस हजारांतला एक कोण असतो? तो सरकारी सूचना वाचतो, त्याला वेळ असतो, आणि मुख्य म्हणजे विषयावर त्याचं मत आधीच ठाम असतं. ज्याचं मत व्हायचंय तो असल्या वाटेला जात नाही. समितीने लबाडी केली असं मी म्हणत नाही. तिने सूचना मागवल्या, आल्या तेवढ्या मोजल्या. लबाडी नंतरच्यांनी केली. ‘आलेल्या प्रतिसादांपैकी’ एवढा भाग वाटेत कुठेतरी सांडला आणि ८० टक्क्यांच्या मागे अख्खी जनता उभी राहिली.

ही चूक नवी असती तर समजून घेतलं असतं. अमेरिकेत १९३६ साली ‘लिटररी डायजेस्ट’ नावाच्या साप्ताहिकाने एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या, आणि रूझवेल्ट पडणार असं छातीठोकपणे छापलं. रूझवेल्ट प्रचंड बहुमताने निवडून आले आणि दोन वर्षांत ते साप्ताहिक बंद पडलं. ज्यांना पत्रिका गेल्या ते मोटारी आणि टेलिफोन बाळगणारे होते, आणि ज्यांनी परत पाठवल्या ते त्यांतलेही चिडलेले. सांख्यिकीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना ही गोष्ट शिकवतात. आमच्याकडे ती पोहोचायला बहुतेक आणखी काही वर्षं लागतील, कारण आमच्याकडे या चुकीमुळे कुणाचं काही बंद पडत नाही.

कृषी कायद्यांच्या वेळचंच घ्या. तीन कायदे जून २०२० मध्ये अध्यादेशाने आले. तेव्हा शेतकऱ्याला कुणी काही विचारलं नाही. दिल्लीच्या सीमा अडवल्या गेल्यावर सर्वोच्च न्यायालयाने समिती नेमली. म्हणजे स्वयंपाक उरकल्यावर ‘आज काय करू?’ असं विचारायचं. आपल्याकडचे शेतकरी संघटनेचे अनिल घनवट त्या समितीत होते, आणि न्यायालयाने अहवाल उघड केला नाही तेव्हा त्यांनीच मार्च २०२२ मध्ये तो जाहीर केला, याबद्दल त्यांना पूर्ण गुण. पण त्या अहवालातून बातमी काय निघाली? ८६ टक्के शेतकरी कायद्यांच्या बाजूने होते. म्हणजे समितीपुढे म्हणणं मांडणाऱ्या ७३ संघटनांपैकी ६१ संघटनांचे सदस्य. आणि ज्या संघटना वर्षभर थंडीवाऱ्यात सीमेवर बसल्या होत्या, त्यांनी समितीवर बहिष्कार घातला होता! त्या या हिशोबात कुठेच नाहीत. रुसून मांडवाबाहेर बसलेल्यांना वगळून पंगत मोजली की कुणीही उपाशी नसतंच. कायदे चांगले होते की वाईट हा वेगळा वाद आहे. ८६ हा आकडा मात्र त्या वादातला पुरावा नाही, एवढं कायद्यांच्या समर्थकांनाही मान्य करता यायला हवं होतं.

पण हे सगळे मागवलेले प्रतिसाद. खरी कारागिरी प्रश्नावलीत असते, आणि तिचा आपल्याकडचा सर्वोत्तम नमुना नोव्हेंबर २०१६ मधला आहे. नोटाबंदी होऊन दोन आठवडे झाले होते. बँकांसमोर रांगा होत्या, एटीएमची शटरं खाली होती. २२ नोव्हेंबरला पंतप्रधानांच्या स्वतःच्या नावाच्या ॲपवर दहा प्रश्न आले. पहिला: भारतात काळा पैसा आहे असं तुम्हाला वाटतं का? दुसरा: भ्रष्टाचार आणि काळा पैसा या दुष्ट प्रवृत्तींशी लढून त्या नष्ट करायला हव्यात असं वाटतं का? यावर ‘नाही’ म्हणणारा माणूस मला एकदा बघायचा आहे. असे दोन-चार ‘हो’ काढून घेतले की माणूस सवयीला लागतो. मग विचारलं होतं की नोटाबंदीमुळे घरं, उच्च शिक्षण आणि आरोग्यसेवा सर्वसामान्यांच्या आवाक्यात येतील का. पर्याय तीन: पूर्णपणे सहमत, अंशतः सहमत, सांगता येत नाही. असहमत व्हायची सोयच ठेवली नव्हती. पुढे आणखी एक प्रश्न होता: काही भ्रष्टाचारविरोधी कार्यकर्ते आता प्रत्यक्षात काळा पैसा, भ्रष्टाचार आणि दहशतवाद यांच्या बाजूने लढत आहेत असं तुम्हाला वाटतं का? हा प्रश्न नव्हे, हे आरोपपत्र आहे, शेवटी प्रश्नचिन्ह लावलेलं.

चोवीस तासांत पाच लाखांवर लोकांनी उत्तरं दिली आणि ९३ टक्क्यांनी निर्णयाला पाठिंबा दिला. ज्यांनी नेत्याचं ॲप आपणहून फोनमध्ये घेतलं, त्यांतल्या ९३ टक्क्यांना नेत्याचा निर्णय आवडला. मला तर उरलेल्या सात टक्क्यांचं कौतुक वाटतं. दुसऱ्या दिवशी हा ‘देशाचा कौल’ म्हणून छापून आला, आणि ज्या वर्तमानपत्रांनी तो पहिल्या पानावर घेतला त्यांतल्या किती जणांनी तिथे ते तीन पर्यायही छापले, हे ज्याचं त्याने आठवून बघावं.

मत विचारायला निदान विषय तरी हवा. तोही लागत नाही, हे सिनसिनाटी विद्यापीठाच्या संशोधकांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातून दाखवलं. त्यांनी लोकांना अस्तित्वातच नसलेल्या एका कायद्याबद्दल विचारलं. तो रद्द करावा का? सुमारे एक तृतीयांश लोकांनी ठणकावून मत दिलं. यात हसण्यासारखं काही नाही. दारात आलेल्या शिकल्यासवरल्या माणसापुढे ‘मला माहीत नाही’ म्हणायला कुणालाच आवडत नाही. आपल्याकडे तर रस्ता विचारला तरी माहीत नसलेला माणूस हात करून दिशा दाखवतो. पण आम्ही सिनसिनाटीच्याही पुढे गेलो. १४ जून २०२३ रोजी बाविसाव्या विधी आयोगाने समान नागरी कायद्यावर लोकांची मतं मागवली. मसुदा नव्हता. दत्तकाचं काय, वारसाचं काय, आदिवासींच्या रूढींचं काय, एकत्र कुटुंबाच्या करसवलतीचं काय, एक ओळ कागदावर नव्हती. पाऊण कोटीच्या आसपास प्रतिसाद आले. हाउसिंग सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर तयार मजकूर फिरत होते: खालच्या दुव्यावर जा, पाठवा, दहा जणांना सांगा. बाजूचेही आणि विरोधातलेही. याआधीच्या आयोगाने २०१६ मध्ये रीतसर सोळा प्रश्नांची प्रश्नावली काढली होती, आणि अभ्यासाअंती २०१८ मध्ये म्हटलं होतं की असा कायदा या टप्प्यावर आवश्यकही नाही आणि इष्टही नाही. ते उत्तर पसंत पडलं नसावं. म्हणून पाच वर्षांनी पुन्हा विचारलं.

यावर मला नेहमी ऐकवलं जातं की हे सरकारी आणि पक्षीय प्रकार सोडा हो, व्यावसायिक संस्था शास्त्रशुद्ध काम करतात. करतात, काही खरोखर करतात. पण शास्त्रशुद्ध नमुना घेऊनही प्राधान्यक्रम कसा घडवता येतो, ते बघा.

मध्यंतरी आमच्या इमारतीत एक मुलगा टॅब घेऊन आला. घामाघूम झालेला, गळ्यात ओळखपत्र. ‘काका, पाच मिनिटं. देशापुढचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न कोणता?’ आणि मी तोंड उघडायच्या आत त्याने वाचायला सुरुवात केली: बेरोजगारी, महागाई, भ्रष्टाचार, राष्ट्रीय सुरक्षा, विकास, इतर. मी म्हटलं, ‘कोर्ट. पाच कोटी खटले पडून आहेत.’ तो टॅबकडे बघत राहिला. ‘काका, ते कशात बसेल? भ्रष्टाचारात टाकू?’ म्हटलं, ‘भ्रष्टाचार नाही रे, दिरंगाई आहे.’ ‘मग विकासात?’ मी ‘इतर’मध्ये टाक म्हणालो. तर ‘इतर’ दाबलं की पुढे टाईप करावं लागतं, मराठी कीबोर्ड चालत नाही, आणि त्याला पुढची इमारत संध्याकाळच्या आत संपवायची होती. त्याला पैसे भरलेल्या फॉर्मांवर मिळत होते, माझ्या विचारांच्या खोलीवर नव्हे. शेवटी त्याने केविलवाण्या चेहऱ्याने भ्रष्टाचारावर बोट ठेवलं आणि मी मान हलवली. कुठल्यातरी तक्त्यात आज मी भ्रष्टाचाराने त्रस्त नागरिक आहे. त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याच्या जागी मी असतो तर निम्मे फॉर्म चहाच्या टपरीवर बसून भरले असते, आणि असे भरणारे आहेतच.

हा माझ्या एकट्याचा अनुभव म्हणून सोडून देऊ नका. हॉवर्ड शूमन आणि जॅकलिन स्कॉट यांनी १९८७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग मांडला. देशापुढची सर्वांत मोठी समस्या कोणती, असं अमेरिकन लोकांना मोकळेपणाने विचारलं, तेव्हा ऊर्जाटंचाई, सरकारी शाळांचा दर्जा, गर्भपाताला कायदेशीर मान्यता आणि प्रदूषण या चारांपैकी कशाचंही नाव घेणारे मिळून फक्त २.४ टक्के निघाले. मग दुसऱ्या गटाला हेच चार विषय यादी म्हणून दिले, आणि यांच्याशिवाय दुसरी समस्या सांगायची असेल तर खुशाल सांगा असंही स्पष्ट म्हटलं. साठ टक्के लोकांनी त्या चारांतलंच एक निवडलं! लोक तसेच होते, देश तोच होता. बदलली ती यादी. प्यू या नावाजलेल्या संस्थेनेही २००८ च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर हा खेळ स्वतःवरच करून पाहिला. मतदानात कोणता मुद्दा महत्त्वाचा ठरला, यावर यादीत अर्थव्यवस्था दिली तेव्हा ५८ टक्क्यांनी ती निवडली, यादी न देता विचारलं तेव्हा ३५ टक्क्यांनी. मोकळ्या प्रश्नात ४३ टक्के लोकांनी यादीत नसलेलं काहीतरी सांगितलं. यादी समोर आल्यावर यादीबाहेर जाणारे उरले आठ टक्के. बाकीचे कुठे गेले? माझ्यासारखेच कशात तरी बसवले गेले. आणि हे उघड करणारी संस्था त्याच धंद्यातली आहे, हे लक्षात घ्या. आपल्या वाहिन्यांवरच्या कुठल्या ‘महासर्व्हे’ने स्वतःची अशी झडती घेतलेली तुम्ही पाहिली आहे?

घेतील कशाला? निवडणुकीच्या अंदाजाला निदान निकालाचा दिवस असतो. ४ जून २०२४ रोजी सगळ्यांनी पाहिलं: बहुतेक वाहिन्यांनी साडेतीनशेच्या वर नेऊन ठेवलेली सत्ताधारी आघाडी २९३ वर थांबली आणि एक सर्वेक्षणकर्ते थेट प्रक्षेपणात रडले. त्यांच्याबद्दल मला सहानुभूती आहे, कारण ते निदान खोटे ठरू शकत होते. ‘देशाची प्राधान्यं’ सांगणाऱ्यांचं तसं नाही. राष्ट्रीय सुरक्षा ३१ टक्के की ११, याची मतमोजणी कधीच होत नाही. एक्झिट पोल कधी दाखवायचे यावर कायद्याचं बंधन आहे. प्राधान्यांच्या सर्व्हेवर कशाचंच नाही. असा धंदा ज्यात माल कधीच परत येत नाही.

शिवाय याला प्राधान्य म्हणायचं तरी कशाच्या आधारावर? प्यूने २०१८ मध्ये भारतात विचारलं तेव्हा ७६ टक्क्यांना रोजगाराचा अभाव ‘खूप मोठी समस्या’ वाटली आणि ७३ टक्क्यांना महागाई. भ्रष्टाचार, दहशतवाद, गुन्हेगारी, सगळ्याच रांगेत बहुमत. एकेक विषय घेऊन ‘हा मोठा आहे का?’ असं विचारलं की प्रत्येक विषय मोठाच असतो. यातून क्रम लागत नाही. क्रम लागतो तो कात्री हातात दिल्यावर. कुणासाठी कुणाचं कापायचं, आणि पैसे कुणी द्यायचे? महाराष्ट्राला हे एके काळी कळत होतं. वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली, दुष्काळाने ती पटवली, आणि तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातल्या पगारदाराच्या खिशातून खेड्यातल्या मजुराची मजुरी. आजही पगाराच्या चिठ्ठीवर तो कर दिसतो. आता कुठल्याही सर्व्हेत असा प्रश्न दाखवा: मजुरांना काम मिळावं म्हणून तुमच्या पगारातून दरमहा दोनशे रुपये जास्त कापले तर चालतील का? नाही विचारणार. कारण त्याचं उत्तर छापण्यासारखं नसेल, आणि प्रायोजकाला छापण्यासारखंच हवं असतं.

आणि ज्याला विचारायला हवं तो घरी नसतो. बीड, पाथर्डी, आष्टीकडची ऊसतोड कामगार जोडपी, ज्यांना त्या धंद्यात ‘कोयता’ म्हणूनच मोजतात, गाळप हंगामात कारखान्याच्या फडात खोपट टाकून असतात. चांगली संस्था मतदारयादीतून नाव काढून त्याच माणसाच्या दाराशी जाते. दाराला कुलूप. मग काय, पुढचं नाव. फोनवरच्या सर्व्हेत तर कुलूपही दिसत नाही. अनोळखी नंबर उचलून अर्धा तास महागाईवर बोलणारा माणूस महागाईने किती पोळलेला असतो, याबद्दल मला शंका आहे. बायकांना विचारायला गेलं की नवरा आतून उत्तर देतो, हे कुठल्याही फिरतीवरच्या पोराला विचारा. आणि या सगळ्यावर भार देऊन गणित जुळवायचं ते २०११ च्या जनगणनेवर, कारण २०२१ ची झालीच नाही. २०११ मध्ये पाळण्यात असलेली मुलं आता महाविद्यालयाच्या दाराशी आली आहेत. कागदावरचा देश मात्र अजून तिथेच आहे.

दिल्लीच्या सीएसडीएस या संस्थेचा ‘लोकनीती’ विभाग मी या टोळीत धरत नाही. ते प्रश्नावली प्रसिद्ध करतात, नमुना कसा निवडला ते सांगतात, घरी जाऊन विचारतात. त्यांच्या २०२४ च्या निवडणूकपूर्व पाहणीत बेरोजगारी २७ टक्के, महागाई २३ टक्के आणि राम मंदिर ८ टक्के असे आकडे आले. सत्ताधाऱ्यांनी दुर्लक्ष केलं. विरोधकांनी २७ टक्के म्हणजे अख्खा देश असा अर्थ लावला, कारण आवडता आकडा हा नेहमीच शास्त्रीय असतो. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये याच लोकनीतीचे संजय कुमार यांनी महाराष्ट्रातल्या काही मतदारसंघांतल्या मतदारसंख्येबद्दल चुकीची आकडेवारी समाजमाध्यमावर टाकली. चूक होती, ती त्यांनी मान्य केली, मजकूर काढला, जाहीर माफी मागितली. तरी नागपुरात आणि नाशकात गुन्हे दाखल झाले. सर्वोच्च न्यायालयाला स्थगिती द्यावी लागली. प्रश्नावली उघड ठेवणाऱ्याने एक चूक केली तर पोलीस. ती कुलुपात ठेवणाऱ्याला रात्री नऊची वेळ.

सरकारला लोकांचं खरोखर काय चाललंय हे जाणून घ्यायचं असतं, तर मतं विचारायची गरजही नव्हती. मोजायची यंत्रणा घरातच आहे. २०१७-१८ च्या श्रमबल सर्वेक्षणात बेरोजगारीचा दर ६.१ टक्के निघाला. अहवाल अडवून ठेवला म्हणून जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या दोन सदस्यांनी राजीनामे दिले. निवडणूक झाली, ३० मे रोजी शपथविधी झाला आणि ३१ मे रोजी अहवाल बाहेर आला. त्याच सालचं कुटुंबाच्या खर्चाचं सर्वेक्षण तर नोव्हेंबर २०१९ मध्ये रद्दच केलं. माणसाच्या पोटात काय गेलं हे सांगणारा कागद नको, त्याला कसं वाटतंय हे सांगणारा हवा. कारण वाटणं घडवता येतं.

संपादकांकडे माझी एकच मागणी आहे. ‘देशाचा कौल’ छापताना प्रश्न विचारला तसाच छापा, पर्याय त्याच क्रमाने छापा, किती जणांनी उत्तर द्यायला नकार दिला ते सांगा आणि पैसे कुणी दिले ते सांगा. पाच ओळी लागतात. तेवढी जागा नसेल तर तो मजकूर जाहिरात विभागाकडे पाठवून नेहमीच्या दराने छापा.